एक टाळी आधी

५ फेब्रुवारी

वहिनी,

दंडवत. बसून वाच. हातात कात्री असेल तर आधी खाली ठेव, नाहीतर तुझ्या त्या पडद्यांच्या दुकानात कुणाची तरी मखमल तिरकी कापली जाईल आणि नाव माझं येईल.

मिशाळ गेला.

घाबरू नकोस, माणूस जिवंत आहे. बँड सोडून गेला. गुडघे दुखतात म्हणे. रोज नवं गाव, रोज नवे जिने, आता झेपत नाही. घरी बसून बागेला पाणी घालणार. काल पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या आहेत. ज्याने उभा जन्म ट्रॉम्बोन फुंकला त्याला चार ओळी, आणि शेजारी गादीची जाहिरात अर्धं पान.

म्हणजे आपल्या ‘पितळी मंडळी’ बँडमध्ये आता मूळ संचातलं कुणीही उरलं नाही. मी पहिल्या रेकॉर्डचं वेष्टन काढून बसलो होतो. भिंतीला टेकून उभे असलेले ते आठ जण. घोगऱ्या गायक सगळ्यात आधी भांडून गेला, ढोल्या ड्रमवाला आजारपणात गेला, पियानोवाला कुठल्या तरी चित्रपटवाल्यांकडे गेला, बाकीचे एकेक करत गळाले. मिशाळ तेवढा पाय रोवून उभा होता. माझा नियम तुला ठाऊक आहे. मूळचा एक तरी माणूस स्टेजवर असेपर्यंत आपण कार्यक्रमाला जायचं. दादा माझी टर उडवायचा, "दिवसभर खोटे दात करतोस ना, म्हणून तुला खऱ्या दातांचं एवढं कौतुक." पण नियम तो नियम.

तेव्हा १४ मेला मंडळी आपल्या जुन्या सभागृहात येणार आहेत, तिथे आपण जाणार नाही. वाजवणारे दुसरे, गाणारा दुसरा, फक्त पाटी जुनी. मला नको. तसंही दादा गेल्यापासून तिथे बसणं जडच जातं. मागच्या खेपेला आपण मधल्या खुर्चीचं तिकीट काढून तिच्यावर माझा कोट ठेवला, आठवतंय? दारावरच्या बाईने विचारलं, "ही जागा कुणाची?" आणि तू म्हणालीस, "येताहेत." मला त्यानंतर बराच वेळ छताकडे बघावं लागलं होतं.

दुसरं म्हणजे, तू फोन का उचलत नाहीस? उचललास तरी "पत्र लिहा, पत्र लिहा" म्हणून ठेवून देतेस. काही बोललो का मी? तुझ्या जावेला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही नेहमीच काहीतरी बोलता."

शोकाकुल,
तुझा दीर


११ फेब्रुवारी

भाऊजी,

कात्री खाली ठेवली होती. पण तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की समोर बसलेल्या वकिलीणबाई आपल्या खिडक्यांचं माप चुकलं की काय म्हणून उठून उभ्या राहिल्या.

मिशाळाचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. ट्रॉम्बोन पुढे सरकवताना पहिल्या रांगेतल्या माणसाच्या नाकाला लागेल अशी धास्ती आता कोण घालणार?

पण भाऊजी, हा बँड तुम्ही आजवर किती वेळा पोचवून आलात ते आठवा. घोगऱ्या गेला तेव्हा तुम्ही दाढी वाढवलीत. नवा गायक आला तर म्हणालात, "हा गातो की गुळण्या करतो?" आणि मग त्याचीच सही घ्यायला मागच्या दाराशी ताटकळलात, आम्हा दोघांना थंडीत उभं करून. ढोल्या गेला तेव्हा सगळ्या रेकॉर्डी आमच्या घरी आणून टाकल्यात, "मला आता याचं काही नको," आणि आठवड्याने "जरा ऐकून देतो" म्हणत परत घेऊन गेलात. ती चष्मेवाली ट्रम्पेट घेऊन उभी राहिली तेव्हा बाईमाणसाच्या छातीत एवढा दम नसतो असं आम्हाला पटवून देत होतात. तिने पहिल्याच गाण्यात तुमची बोलती बंद केली. आता तिचा फोटो तुमच्या कामाच्या टेबलावर आहे, कवळ्यांच्या साच्यांमागे. जावेने सांगितलं मला.

मला जायचंय, भाऊजी. सभागृह तेच आहे म्हणून तर जास्तच जायचंय. ह्यांची टाळी तिथलीच ना?

तुम्हाला मी काय नव्याने सांगणार, तुम्ही शेजारीच बसला होतात, पण आज लिहावंसं वाटतंय. माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते. ह्यांनी मला "रॉकवाले म्हणतात हे जॅझ आहे, जॅझवाले म्हणतात हा गोंगाट आहे, तू ऐक आणि सांग" असं म्हणून तिथे नेलं होतं. ते सात मात्रांचं गाणं सुरू होतं. मधेच सगळे एकदम थांबले. सभागृह चिडीचूप. आणि आमच्या ह्यांना वाटलं, संपलं! त्यांनी दोन्ही हात उचलून एक सणसणीत टाळी हाणली. एकट्याने. लगेच ट्रम्पेट घुसला, गाणं अजून निम्मंसुद्धा झालं नव्हतं. सगळ्या रांगा वळून आमच्याकडे बघायला लागल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं आणि हसू तर आवरेना. आणि नेमकं त्याच दिवशी बँडवाले रेकॉर्डिंग करत होते! रेकॉर्ड आली, तिच्यावर टाळी तशीच. मग ऐकणाऱ्यांना वाटलं ती गाण्यातलीच आहे, आणि जिथे जिथे कार्यक्रम होईल तिथले लोक त्या जागी टाळी द्यायला लागले. कुणाची चूक ती आपल्या तिघांनाच ठाऊक.

तेव्हापासून आपण त्यांना मध्ये बसवायला लागलो. ती जागा जवळ आली की डावीकडून तुमचं कोपर, उजवीकडून माझं. तरी त्यांचे हात शिवशिवायचेच.

तर सांगायचं म्हणजे, तिकिटं तीन काढू या. तिसरं कोटासाठी नाही, माणसासाठी. माझ्या ओळखीचे एक आहेत. त्यांना बँडबद्दल फारसं काही माहीत नाही, पण ऐकायची तयारी आहे. तुम्हाला चालेल का?

फोनचं नंतर सांगेन. रागावलेली नाही.

तुमची वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

दाढीचं तू काढायला नको होतंस. ती मला शोभतही होती.

आता मुद्द्याचं. चालेल का म्हणून विचारलंस म्हणून सांगतो. नाही चालणार. तुझ्या ओळखीचे कोण ते मी ओळखलं. त्या वकिलीणबाईच ना? तू एखाद्याला रेकॉर्ड ऐकवलीस की त्याला भक्त केल्याशिवाय सोडत नाहीस. बाई सज्जन असतील, त्यांना पितळी मंडळी जरूर ऐकव, पण दुसरीकडे कुठेतरी बसवून ऐकव. मधली खुर्ची दादाची आहे. त्या खुर्चीवर कोट बसेल, छत्री बसेल, परकं माणूस बसणार नाही.

नव्या संचाबद्दल म्हणशील तर माझं मत एकदाच लिहून टाकतो. दुसऱ्याच्या जागेवर जाऊन उभं राहायचं, त्याचीच गाणी म्हणायची, त्याच्या वाटच्या टाळ्या घ्यायच्या, यात कसला पुरुषार्थ? मी कवळ्या करणारा माणूस आहे. माझे दात इतके बेमालूम असतात की बायकोलासुद्धा नवऱ्याचे ओळखू येत नाहीत. पण जीभ फसत नाही. माणूस सारखा जिभेने चाचपत राहतो. इथे जो होता तो हा नव्हे, हे जिभेला पक्कं कळत असतं. मग उगाच कशाला हौस? जागा रिकामी आहे ना, राहू दे रिकामी. हसताना थोडं वाईट दिसेल, पण खरं तरी असेल.

राग नसावा. वकिलीणबाईंना माझा नमस्कार.

तुझा दीर


१८ फेब्रुवारी

ताई,

ह्यांचं कालचं पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं. पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. बंद असतं तरी वाचलं असतं.

आमचे हे दिवसभर लोकांच्या तोंडात बघतात, पण तोंडावर काय आहे ते त्यांना दिसत नाही. ती वकिलीणबाई नव्हे, हे मी तुमचं पत्र वाचताक्षणी ओळखलं. "माझ्या ओळखीचे एक आहेत." ताई, तुम्ही गिऱ्हाइकांबद्दल असं लिहीत नाही. गिऱ्हाइकांबद्दल तुम्ही लिहिता, "एक बाई आली होती, डोकं खाल्लं."

कोण आहेत? काय करतात? उंच आहेत का? सगळं लिहा. दुकानाच्या नावाने पत्र पाठवते आहे, तुम्हीही माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवा. ह्यांच्यापुढे तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

तुमची लाडकी जाऊ


२३ फेब्रुवारी

लाडके जाऊबाई,

उंच नाहीत. खुर्चीवर बसले की पाय जेमतेम टेकतात.

आता सगळं ऐक. मी फोन का घेत नाही ते आधी सांगते. मला ऐकू कमी येतं. तरुणपणी सगळे कार्यक्रम भोंग्यांच्या शेजारी बसून ऐकले, त्याचं फळ. समोरचा माणूस बोलला तर ओठांवरून निभतं, फोनवर नुसती खरखर. भाऊजींना सांगितलं असतं तर त्यांनी "म्हणजे आता ट्रम्पेट ऐकू येत नाही?" असं विचारून गळा काढला असता. आणि खरंच येत नव्हता गं. वरचे सूर गेले होते. ह्यांची ती टाळीसुद्धा गेली होती. रेकॉर्ड लावायची, जागा यायची, आणि तिथे काहीच नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

म्हणून कानाचं यंत्र बसवून देतात तिथे गेले. हे यंत्रवाले तिथलेच. खोक्यासारखी छोटीशी खोली, भिंतींना मऊ कपडा, शिवण इतकी वाईट की मी आधी तीच बघत बसले. त्यांनी विचारलं, "नेमकं काय ऐकू येत नाही?" लोक म्हणे नातवंडं सांगतात, दारावरची घंटा सांगतात. मी म्हणाले, "एक टाळी." ते हसले नाहीत. म्हणाले, "रेकॉर्ड घेऊन या." मी घेऊन गेले. त्यांनी कुठून तरी रेकॉर्ड प्लेअर पैदा केला, आणि मी बसले आहे, ते यंत्राचा एवढासा स्क्रू फिरवताहेत, "आता? आता?" असं चाललंय. परत परत जावं लागलं. एक दिवस आली. खणखणीत. मी रडायला लागले तर त्यांना वाटलं आवाज फार मोठा झाला, घाईघाईने कमी केला, आणि टाळी परत गेली!

त्यानंतर ते यंत्र बघायच्या निमित्ताने दुकानात येतात. आता निमित्तही सांगत नाहीत. आमच्या मनात लग्न करायचं आहे.

आणि आता तुझ्या नवऱ्याचं पत्र आलंय. जिभेला पक्कं कळतं म्हणे. ते बँडबद्दल लिहिताहेत हे मला कळतं गं, पण वाचताना एकेक वाक्य मला लागत गेलं. भाऊजी नाही म्हणाले तर मी लग्न मोडीन असं नाही. पण ह्यांच्याबद्दल माझ्याशी हसून बोलणारं माणूस या जगात आता ते एकच उरलंय. बाकी सगळे मान खाली घालतात. भाऊजी तुटले तर मी ह्यांना दुसऱ्यांदा गमावीन. तेवढं मला झेपणार नाही.

तू काही सांगू नकोस. माझं मीच सांगणार.

तुझी ताई


३ मार्च

भाऊजी,

वकिलीणबाईंना नमस्कार पोचवला. त्या गोंधळल्या.

मी ज्यांच्याबद्दल लिहिलं ते कानाची यंत्रं बसवून देतात. माझे कान मंद झालेत, म्हणून मी फोन घेत नाही. तुम्हाला लपवलं, कारण तुमचा ट्रम्पेटसाठीचा शोक मला सहन झाला नसता. आता यंत्र आहे, बरं चाललंय. आणि या यंत्रवाल्यांशी मी लग्न करायचं ठरवलंय. लांबण लावत नाही, सरळ लिहून मोकळी होते.

त्यांना ह्यांची खुर्ची नको आहे. मी विचारलं होतं. ते म्हणाले, "मला कडेला बसवा, तिथून पाय तरी पसरता येतात."

तुमची जीभ फसत नाही ते खरं असेल. पण तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं, नवी कवळी घेतलेला माणूस थोडे दिवस चाचपतो, कुरकुर करतो, आणि मग एक दिवस चाचपायचं विसरून हवं ते खायला लागतो. मला भूक आहे, भाऊजी. एवढ्यात उठायचं नाहीये पानावरून.

मी ह्यांना विसरलेली नाही. यंत्र लावलं तेच मुळी ह्यांची टाळी ऐकायला.

तुमची वहिनी


२१ मार्च

आदरणीय वहिनी,

आपलं पत्र मिळालं. वाचून आनंद झाला. आपणा उभयतांना शुभेच्छा. सध्या कामाचा फार रगाडा असल्यामुळे १४ मे रोजी येणं जमणार नाही. प्रकृतीची, विशेषतः कानांची, काळजी घ्यावी.

आपला

ता. क. (हे मी, तुमची जाऊ, लिहिते आहे.) ताई, "आदरणीय" वाचून घाबरू नका. रगाडा वगैरे काही नाही. घरी आले की दिवाणखान्यात तीच एक रेकॉर्ड, तीच बाजू. माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, कारण मला आधी ठाऊक होतं हे त्यांना कळलं. मंगळवारी एका म्हाताऱ्याची वरची कवळी आणि दुसऱ्याची खालची एकाच डबीत घालून पाठवली. दोघांचेही तक्रारीचे फोन आले, पण दात नसल्यामुळे काय म्हणताहेत ते कळेना. थोडा दम धरा.


२ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही मला "आपण" म्हणालात. लग्न होऊन आले त्या पहिल्या दिवशीसुद्धा म्हणाला नव्हतात. तेव्हा म्हणाला होतात, "वहिनी, तुला ड्रम आवडतात का?"

सोबत एक तिकीट आहे. तीन खुर्च्या घेतल्या आहेत, ओळखीच्याच रांगेत. मी एका कडेला, यंत्रवाले दुसऱ्या कडेला. मधली तुमची. या खेपेला मूळचं कुणी नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, म्हणून तर तुम्ही हवे आहात. आपल्या संचातली मूळची आता आपण दोघंच आहोत.

यायचं तर या. नाही आलात, तर तुमच्या खुर्चीवर कोट ठेवू. दारावरच्या बाईने विचारलं तर सांगेन, "येताहेत."

तुमची वहिनी


१५ मे

भाऊजी,

आला नाहीत. कोट ठेवला. बाईने विचारलं, मी सांगितलं.

रागावून लिहीत नाही. कालचं तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला? यंत्रवाल्यांना सांगून काय होणार, त्यांना मिशाळ कोण आणि ढोल्या कोण हेही अजून पाठ नाही. सभागृहाचे पडदे बदललेत. रंग चांगला, पण शिवण बाहेर दिसते. ट्रॉम्बोनला एक लठ्ठसा मुलगा आहे, मिशी नाही, पण पहिल्या रांगेला धास्ती घालण्याचं काम तोही मन लावून करतो. चष्मेवालीचे केस पिकले. आता तीच सगळ्यांत जुनी, मानेने इशारे देते आणि ते पोरगे तिच्याकडे बघून थांबतात, सुरू होतात. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बघा, मी पहिल्यापासून सांगत होतो ही बाई पुढे जाणार."

आणि सात मात्रांचं गाणं झालं. थांबण्याची जागा आली. मी यंत्रावर हात ठेवून बसले होते. सगळ्या सभागृहाची मिळून एकच टाळी आली, भाऊजी, आणि ती मला ऐकू आली. शेजारचा कोट माझ्या कोपराला लागला तेव्हा मला भडभडून आलं. बाकी सगळं छान पार पडलं.

फोन आता घेता येतो. पण तुम्ही करणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून पत्र.

तुमची वहिनी


२० मे

वहिनी,

दंडवत. बसून वाच. कात्री खाली ठेव.

मी आलो होतो.

तुझं तिकीट खिशातच राहिलं. दारावर दुसरं काढलं, अगदी शेवटच्या रांगेतलं, बाहेर जायच्या लाल दिव्याखाली. घरी सांगितलं होतं, एका गिऱ्हाइकाला कवळी द्यायला जातो. तुझी जाऊ म्हणाली, "जा, आणि दोन्ही डोळ्यांनी नीट बघून या." तिला सगळं कळतं, याचा मला अलीकडे त्रास व्हायला लागलाय.

मी बघायला आलो होतो ते बँडला नव्हे, त्या माणसाला. मागून दिसत काय होतं, तुझं डोकं, मध्ये कोट, पलीकडे एक छोटंसं डोकं. मनात म्हटलं, हा आता खुशाल कोट मांडीवर घेईल आणि मधे सरकेल. नाही सरकला. एकदा कोट घसरला, तर त्याने उचलून नीट ठेवला, कॉलरसुद्धा सरळ केली. माझा राग थोडा अडचणीत आला.

मग ते गाणं सुरू झालं. ड्रमवर जो पोरगा होता तो आपली रेकॉर्ड निघाली तेव्हा जन्मलाही नसेल. सगळे थांबले. त्याने काठ्या वर उचलल्या आणि तसाच थांबून राहिला. जरा जास्तच. मूळ गाण्यात एवढी उसंत नाही, मला विचार, मला पाठ आहे. तो वाट बघत होता. कुणाची? दादाची! त्या चुकलेल्या टाळीची सगळं स्टेज वाट बघत होतं, आणि ती पडल्यावरच चष्मेवालीने ट्रम्पेट ओठाला लावला. घोगऱ्या गेला, ढोल्या गेला, मिशाळ बागेला पाणी घालतोय, आणि आमचा दादा, ज्याला तालाचा ओ की ठो कळत नव्हता, तो अजून न चुकता दर कार्यक्रमाला वाजवतोय. मूळ संचातलं कुणी उरलं नाही असं मी तुला लिहिलं होतं. ते मागे घेतो. एक जण आहे.

मी तिथे लाल दिव्याखाली उभा राहून रडलो. शेजारचा मला म्हणाला, "बाहेर जायचं दार हेच."

आता तुझं पत्र. "बाकी सगळं छान पार पडलं," असं लिहून तू एक गोष्ट माझ्यापासून लपवलीस. दादाची टाळी पडली, ट्रम्पेट सुरू झाला, आणि त्याच्यानंतर आणखी एक टाळी आली. एकटी. सणसणीत. मधल्या कोटाच्या पलीकडून. सगळ्या रांगा वळल्या. त्या भल्या माणसाने लोकांचं बघून वाजवायला हात उचलले आणि तोवर गाडी निघून गेली होती. दुसऱ्यांचे कान दुरुस्त करणारा हा माणूस! त्याचे स्वतःचे कान मला शेवटच्या रांगेतून लाल दिसले. आणि वहिनी, तू तोंडावर हात दाबलास आणि तुझे खांदे गदगदा हलायला लागले. तुझं ते हसू मी दुसऱ्यांदा बघितलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुझ्या लग्नाला दोन महिने झाले होते.

दादा असता तर उठून त्याच्या पाठीवर थाप मारली असती. "शाब्बास, मी आधी, तुम्ही नंतर!"

कार्यक्रम संपल्यावर तुमच्यापुढे यायची हिंमत झाली नाही. डोळे सुजलेले, आणि हातात कवळीची रिकामी डबी. म्हणून हे पत्र.

तर आता माझं ऐक. या माणसाला कडेला बसवणं धोक्याचं आहे. पुढच्या खेपेला कोट दारावरच्या बाईकडे दे आणि त्यांना मध्ये बसव. उजवीकडून तुझं कोपर, डावीकडून माझं.

तुझा दीर